शेवटची ओळ

‘सदर औषधपंपाच्या सॉफ्टवेअरची बांधणी शून्य त्रुटींसह पूर्ण झालेली आहे. पंपाच्या अंतर्गत नोंदीनुसार प्रारंभिक मात्रा एकदाच देण्यात आली. रुग्णाच्या रक्तात मात्र औषधाचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळले. सबब, उर्वरित मात्रा कर्तव्यावरील परिचारिकेने हाताने टोचली, हाच निष्कर्ष संभवतो.’

चौकशी समितीच्या अहवालाचा मसुदा इथे संपत होता. खाली तीन सह्यांची जागा होती आणि त्यांपैकी दोन सह्या झालेल्या होत्या. तिसरी जागा ‘तांत्रिक सदस्य’ डॉ. अनंतमती मगदूम यांची. मसुद्यासोबतच्या चिठ्ठीत अध्यक्षांनी लिहिले होते की मॅडमना वारंवार बैठकीला यायचा त्रास नको, घरीच सही करून पाठवावी. तांत्रिक सदस्याने तांत्रिक तपास करावा अशी अपेक्षा कोणाचीच नव्हती. एक तज्ज्ञ असावा असा नियम होता, म्हणून एक तज्ज्ञ होता.

अनंतमतीबाईंनी ती चार वाक्ये पुन्हा वाचली. पहिली तीन खरी होती. खोटे तेवढे ‘सबब’ होते.

हाताने टोचताना कोणी पाहिले नव्हते. जादा सिरिंज सापडली नव्हती. पंपाला लावलेल्या पिशवीत औषध किती उरले आहे हे मोजले असते तर सारा उलगडा झाला असता. पण रुग्णालयाचा कचरा नियमानुसार वेळच्या वेळी जाळला जातो, आणि त्या दिवशी तेवढा एक नियम काटेकोरपणे पाळला गेला होता. मग उरले काय? पंप म्हणतो, मी एकदाच दिले. आणि पंप खरे बोलतो, कारण त्याच्या बांधणीत त्रुटी शून्य. घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणाला, यावर आपल्याकडच्या मीमांसकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले आणि एक अट घालून ठेवली: पाहणाऱ्याला दिसण्याची सोय हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत. ‘शून्य त्रुटी’ म्हणजे त्रुटी नव्हत्या, की त्रुटी सांगणारा गप्प बसला, हे समितीने विचारले नव्हते. विचारणार तरी कसे? तो प्रश्न विचारायला शिकवणारा विषय अभ्यासक्रमातून ‘कालबाह्य’ म्हणून वगळला गेला होता. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तो विषय अनंतमतीबाईंनीच आयुष्यभर शिकवला होता.

त्यांनी सही केली नाही. मिरजेला जाऊन त्या परिचारिकेला भेटल्या.

सिस्टर रेबेका उजागरे निलंबित झाल्यापासून भावाच्या घरी राहत होत्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या, ठसठशीत बांध्याच्या बाई. त्यांनी आधी चहा ठेवला आणि मगच बोलायला बसल्या. झालेली गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगितली होती की आता त्यांच्या सांगण्यात ना राग उरला होता, ना विनवणी. सलगऱ्याहून आलेले एक द्राक्षबागायतदार, पायात रक्ताची गाठ. रक्त पातळ करणारे औषध पंपातून सुरू केले. पंप आधी एक मोठी मात्रा देतो आणि मग तेच औषध संथपणे सोडत राहतो. मोठी मात्रा गेली, पंपाने पडद्यावर ‘दिली, नोंद झाली’ असे दाखवले, सिस्टरांनी ते फळ्यावर लिहिले. दुपारी वीज दोनदा गेली. जनरेटर सुरू होईस्तोवर पंप बंद पडला आणि पुन्हा चालू झाला. संध्याकाळी रुग्णाच्या मेंदूत रक्तस्राव झाला.

“पंपाची बॅटरी?” अनंतमतीबाईंनी विचारले.

“मेलेली. नवी मागितलेली होती. ते कोणी नाकारतच नाही, मॅडम. कंपनीचा माणूसच म्हणाला, बॅटरी गेली तरी आमचा पंप विसरत नाही, त्याच्या पोटात डेटाबेस आहे.” सिस्टर हसल्या. “मी विसरते, पंप विसरत नाही. पंपाने सांगितलं तेच मी फळ्यावर लिहिलं. आता म्हणतात, पंपावर विश्वास आहे, फळ्यावर आहे, मधे उभ्या असलेल्या बाईवर तेवढा नाही. पंप काय रविवारी चर्चला जातो का हो?”

रुग्णालयाने त्यांना एक तोडगा सुचवला होता. ‘अनवधानाने दुसरी मात्रा दिली गेली’ असे लिहून द्यावे. मग नोंदणी रद्द होण्याऐवजी काही वर्षे स्थगित होईल, आणि फौजदारी खटल्यातही न्यायालय सौम्य राहील. भाऊ म्हणत होता, देऊन टाक. सिस्टरांनी कागद अजून दिला नव्हता. पण अहवालावर तिसरी सही पडली की देण्यावाचून गत्यंतर नव्हते, हे त्यांना ठाऊक होते.

“तुम्ही सही करणार असाल तर तसं आत्ताच सांगा,” त्या म्हणाल्या. “म्हणजे मी चुकले होते असं मनाला शिकवायला सुरुवात करते.”

अनंतमतीबाईंनी काहीच कबूल केले नाही. बाहेर पडताना मात्र त्यांनी त्या कागदाकडे बोट दाखवले आणि एवढेच म्हणाल्या, “हा इतक्यात देऊ नका.”

प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर; त्या उतरवण्यालाच बांधणी म्हणतात. जुने कंपायलर स्वभावाने तिरसट असत. एखादे चिन्ह गळले, एखादे नाव कुठे सापडले नाही, की ते काम थांबवत आणि त्रुटींची लांबलचक यादी तोंडावर फेकत. शहाणा माणूस ती यादी वरून वाचे, कारण पहिल्या त्रुटीच्या पोटीच पुढच्या पन्नास जन्मलेल्या असतात. पहिली निस्तरली की बहुतेक आपोआप नाहीशा होतात. अनंतमतीबाई पहिल्या तासाला एवढेच शिकवत, आणि शेवटच्या तासालाही एवढेच.

मग ‘निर्वेध’ आला. हा कंपायलर अडतच नसे. त्रुटी सापडली की तो प्रोग्रॅमरचा हेतू ओळखे आणि स्वतःच दुरुस्ती करी. लाखो प्रोग्रॅमवर त्याला शिकवले गेले होते. बांधणी पार पडली की त्याला गुण मिळत, अडली की गुण जात. अशा रीतीने तो बांधणी पार पाडण्यात निष्णात झाला. शेवटच्या ओळीत नेहमी एकच मजकूर येई: ‘त्रुटी: शून्य’. काही वर्षांत त्रुटी पाहिलेला प्रोग्रॅमर दुर्मीळ झाला. अनंतमतीबाईंच्या आजोबांनी जैन मंदिराच्या शास्त्रभांडारातल्या पोथ्यांच्या नकला केल्या होत्या. नक्कल करणारा शेवटी लिहून ठेवी की जसे दिसले तसे उतरवले, दोष माझ्या माथी मारू नये. आणि वाळवीने खाल्लेल्या जागी तो जागा कोरी सोडी. निर्वेध हा नव्या जातीचा लेखनिक होता. तो कोऱ्या जागी स्वतःचा श्लोक रचे, आणि तसे सांगत नसे.

हा निर्वेध ज्याने रचला तो भरतेश उपाध्ये हा अनंतमतीबाईंचा भाचा, त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. इंजिनियरिंगची चार वर्षे तो त्यांच्याच घरी राहून शिकला. घरी ‘मावशी, तू’ आणि वर्गात ‘मॅडम, तुम्ही’ हे पथ्य त्याने कधी चुकवले नव्हते. बाईंनी लग्न केले नाही. त्यांच्या दुखण्याखुपण्याला पुण्याहून धावून येई तो भरतेशच.

समितीच्या अधिकारात त्यांनी पंपाच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर मागवला. त्यातला डेटाबेस ही एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी तयार करून ठेवलेली प्रोग्रॅमची शिदोरी होती, मोठ्या संगणकांसाठी लिहिलेली, जगन्मान्य, मोफत. पंपाच्या कंपनीने ती उचलून निर्वेधकरवी पंपाच्या चिमुकल्या प्रोसेसरवर बसवली होती. बाईंनी आपला जुना लॅपटॉप काढला. त्यावर जुना, तिरसट कंपायलर अजून शाबूत होता. त्यांनी तीच लायब्ररी त्याच प्रोसेसरसाठी बांधायला घेतली.

पडदा त्रुटींनी भरून वाहू लागला. बाईंना बऱ्याच वर्षांनी बरे वाटले.

त्या यादीच्या सुरुवातीला वर गेल्या. पहिली त्रुटी किरकोळ निघाली: जिच्यात साऱ्या व्याख्या असतात ती फाइल कंपायलरला सापडत नव्हती, कारण शोधायचा मार्ग चुकीचा दिला होता. मार्ग दुरुस्त केला आणि यादीचा मोठा भाग गळून पडला. मग आकड्यांचा घोळ. लायब्ररी मोठे आकडे गृहीत धरून लिहिलेली, प्रोसेसर लहान आकड्यांचा. तिथे प्रकार स्पष्ट करून द्यावा लागला. मग दोन भाग वेगवेगळ्या पर्यायांनी बांधले गेल्यामुळे एकमेकांना ओळखत नव्हते. दोन्ही एकाच पर्यायाने पुन्हा बांधले. एकेक निस्तरत यादी आखडत गेली, आणि सरतेशेवटी एक त्रुटी उरली ती कशानेही जाईना. माहिती कायम स्मृतीत उतरवण्याच्या फंक्शनला, म्हणजे ते काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, हाक मारलेली आहे. त्या नावाचे फंक्शन कुठेही नाही.

इथे बाई थांबल्या.

यंत्राची स्मृती दोन तऱ्हांची. तात्पुरती स्मृती झपाट्याने लिहिते, पण वीज गेली की पुसली जाते. कायम स्मृती संथ असते, पण टिकते. डेटाबेस नोंद आधी तात्पुरत्या स्मृतीत ठेवतो, मग ‘आता कायम उतरव’ अशी हाक मारतो, आणि ‘उतरवले’ असे उत्तर आल्यावरच ‘नोंद झाली’ म्हणतो. त्याच्या साऱ्या प्रामाणिकपणाची मदार या एका हाकेवर असते. मोठ्या संगणकात या हाकेला ओ द्यायला ऑपरेटिंग सिस्टिम असते. पंपात ती नव्हती. तिथे ते फंक्शन पंपाची मेमरी चिप जाणणाऱ्या माणसाने बसून लिहायला हवे होते. जुना कंपायलर तेच तर सांगत होता: इथे माणूस हवा.

आणि निर्वेधने काय केले होते? बाईंनी निर्वेधने दुरुस्त केलेला बांधणीचा मधला मजकूर मागवला. निर्वेधच्या कंपनीने तो देताना नम्रपणे कळवले की ग्राहकांच्या सोयीसाठी दुरुस्त्यांची यादी हल्ली दाखवली जात नाही. बाईंनी तो मजकूर वरून वाचत आणला. ते फंक्शन सापडले. चार ओळी. नाव, उघडता कंस, ‘काम झाले’ हे उत्तर, मिटता कंस. आत काहीही नव्हते.

पुढचे सगळे आपोआप उलगडले. पंपाने मोठी मात्रा दिली. नोंद तात्पुरत्या स्मृतीत ठेवली. रिकामे फंक्शन ‘काम झाले’ म्हणाले. पडद्यावर ‘नोंद झाली’ आले. वीज गेली, नोंद पुसली गेली. पंप जागा झाला, त्याने डेटाबेसला विचारले, मोठी मात्रा दिली का? डेटाबेस म्हणाला, नाही. त्याने दिली. पुन्हा वीज गेली. पुन्हा दिली. शेवटी स्मृतीत एकच मात्रा उरली, ती शेवटची. पंपाच्या नोंदीत एकदाच होते ते अगदी खरे होते.

रविवारी दुपारी भरतेश आला. कंपनीचा म्हणून नव्हे, भाचा म्हणून, असे त्याने दारातच सांगितले. म्हणजे तो कंपनीचा म्हणूनच आला होता. सूर्यास्ताच्या आत बाईंनी ताट वाढले. भाकरी, शेंगांची आमटी, आणि पुण्याला न्यायला भडंगाचा डबा भरून ठेवलेला. तो मन लावून जेवला. मग हात पुसत म्हणाला की सगळ्या जगाने यादी वरून वाचायचे सोडले, तू तेवढी अजून वरूनच वाचतेस.

“कोणीतरी वाचायला हवं,” बाई म्हणाल्या.

त्याने बरेच समजावून सांगितले. रिकामे फंक्शन हीसुद्धा कधीकधी योग्य दुरुस्ती असते, कारण कित्येकदा त्या फंक्शनची गरजच पडत नाही. निर्वेधमुळे स्वस्तात यंत्रे बनली, खेड्यापाड्यांतल्या रुग्णालयांत पोहोचली, किती जीव वाचले याचा हिशेब कोण करतो? अहवालात कंपायलरचे नाव आले तर ती सगळी यंत्रे बंद ठेवावी लागतील, आणि त्याने माणसे मरणार नाहीत का? त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, हे बाईंना दिसत होते. त्याचाच त्यांना अधिक संताप येत होता.

“मावशी, निर्वेधने कोट्यवधी बांधण्या केल्या. त्यांत एक चुकली.”

“एक सापडली.”

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, “त्या सिस्टर अनवधान लिहून देणार आहेत असं ऐकलं. त्यांनाही ते सोयीचं आहे. तू सही नाही केलीस, तर तुझं-माझं नातं बाहेर येईल, आणि तुझं मत बाद होईल. कोणाच्याच हाती काही लागणार नाही.”

“हे भाचा सांगतोय?”

“भाचाच सांगतोय.”

बाईंनी ताट उचलले, टेबल पुसले आणि लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला. म्हणाल्या, सहीचे नंतर पाहू. आधी हे बांधून दाखव. त्याने हसत हात जोडले, मॅडम, प्रात्यक्षिक परीक्षा का? पण बसला. बोटे सरावलेली होती. खरेतर त्यानेही कैक वर्षांत त्रुटी पाहिली नव्हती, आणि पहिल्याच यादीवर तो सवयीने झरझर तळाशी गेला. बाईंनी पडद्याच्या वरच्या कडेवर बोट टेकवले. तो वर आला. मार्ग, आकडे, पर्याय. तिन्हींतून तो त्यांच्याइतकाच झटपट सुटला. शेवटची त्रुटी उरली. मग बाईंनी शेजारच्या खिडकीत निर्वेधच्या त्या चार ओळी उघडल्या.

त्या वाचायला त्याला एवढा वेळ लागायचे कारण नव्हते.

“हे फंक्शन तू नीट पाहिलंस?” त्याने विचारले.

“चार ओळींत नीट काय पाहायचं?”

तो उठला. पाणी मागितले, प्यायला, वाकून नमस्कार केला आणि निघाला. भडंगाचा डबा टेबलावरच राहिला. विसराळूपणा त्याचा स्वभाव नव्हता. बाईंनी डबा कपाटात ठेवला आणि भिन्नमत लिहायला बसल्या. पहिल्याच वाक्यात त्यांनी लिहिले की निर्वेधचे निर्माते श्री. भरतेश उपाध्ये हे माझे सख्खे भाचे आहेत, ते माझ्या घरी राहून शिकले, आणि पुढील सर्व निष्कर्ष त्यांच्याविरुद्ध आहेत. लिहून झाल्यावर बहिणीला फोन करावा असे त्यांना वाटले. केला नाही. काय सांगायचे?

बैठक सांगलीच्या विश्रामगृहात भरली. समितीचे अध्यक्ष डॉ. खराडे, आरोग्य खात्यातले निवृत्त अधिकारी, हे अत्यंत सुसंस्कृत गृहस्थ होते. त्यांनी भिन्नमताचे पहिले वाक्य वाचले आणि पुढे वाचायची गरज उरली नाही, असे खेदपूर्वक सांगितले. आप्तसंबंध असलेल्या सदस्याचे मत नियमाने विचारात घेता येत नाही.

बाईंनी विचारले, “मी मसुद्यावर निमूट सही केली असती तर?”

“तर हा प्रश्नच उपस्थित झाला नसता, मॅडम.” अध्यक्ष हे उपरोधाने बोलत नव्हते. त्यांना त्यात उपरोध दिसलाही नव्हता.

मागच्या रांगेत सिस्टर उजागरे मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. पर्समधून कागदाची घडी डोकावत होती. बाईंनी त्यांच्याकडे पाहायचे टाळले. आयुष्यभर वरून वाचायला शिकवणाऱ्या बाई वरचेच वाक्य खरे लिहिल्यामुळे हरल्या होत्या, आणि त्याची शिक्षा तिसऱ्याच बाईला होणार होती.

उरला होता निर्वेधच्या कंपनीचा जबाब. ती निव्वळ औपचारिकता होती. भरतेश दोन वकिलांसह आला. वकिलांनी तयार केलेले निवेदन त्याच्या हातात होते. निर्वेधच्या बांधणीत त्रुटी शून्य होत्या, अशी त्याची सुरुवात असल्याचे अध्यक्षांना आधीच ठाऊक होते आणि ते लघुलेखकाला तसे सांगतही होते. भरतेशने कागद टेबलावर पालथा ठेवला. एक वकील कानाशी काही बोलला. त्याने मान हलवली. हो की नाही, ते कळले नाही. मग त्याने मावशीकडे न पाहता अध्यक्षांना विचारले की मी तोंडी सांगितलेले जसेच्या तसे उतरवले जाईल का. जाईल, असे उत्तर मिळाले. त्याचा जबाब समितीच्या दप्तरात आहे तो असा:

‘निर्वेधला गुण कशाचे द्यायचे हे मी ठरवले. शेवटच्या ओळीत शून्य आले की गुण, असा नियम मी घातला. पूर्वी तो आपण केलेल्या दुरुस्त्यांची यादी दाखवत असे. यादी लांब दिसली की ग्राहक घाबरत, म्हणून ती बंद करण्याचा आदेश मी दिला. त्यात रिकामी फंक्शन्स असतात हे मला माहीत होते. पंपातले फंक्शन मी रविवारी पाहिले आणि ओळखले. तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत माझा डेटाबेस बांधला जात नव्हता, तेव्हा मी हेच चार ओळींचे फंक्शन लिहिले होते. माहिती कुठेच उतरत नव्हती, पण उतरली असे उत्तर येत होते. मला पैकीच्या पैकी गुण मिळाले. डॉ. मगदूम अंतर्गत परीक्षक होत्या. त्या वरून वाचू लागल्या होत्या, पण बाहेरून आलेल्या परीक्षकांना गाडी गाठायची होती. त्यांनी शेवटची ओळ पाहिली. गुणपत्रकावर सही दोघांचीही आहे. त्या दिवशी मी जे शिकलो तेच पुढे यंत्राला शिकवले. सिस्टर उजागरे यांनी दुसरी मात्रा दिलेली नाही. ती आम्ही दिली.’